रिकामा भारा

मामा पहाटे साडेपाचला अंगणात उभे राहतात. धारणीत त्या वेळी कोंबडे आणि एसटी सोडली तर कुणाचा आवाज नसतो. पाय खांद्याइतके फाकवलेले, गुडघे जरा सैल. पोटापुढे बोटं गुंफायची, तळवे उलटे करत आभाळाकडे न्यायचे. डावा हात सरळ जातो. उजवा कानापाशी अडतो. तिथं ते थांबतात, ओढत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात नागपुरात कॅन्सरपायी त्यांच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला. उजवीकडे तीन भाग असतात, डावीकडे दोन. एक गेला की उरलेले हळूहळू फुगून जागा भरतात. पण टाके दुखतात म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो, मग कफ साचतो आणि न्यूमोनियाचं भय. खांदाही आखडतो. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तीन गोळ्यांचं यंत्र दिलं होतं. श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. महिनाभरानं ते कोनाड्यात गेलं. ‘लहान पोराचा खेळ होय हा!’

चिनी व्यायामाचं खूळ माझं. बादुआनजिन, म्हणजे रेशमी वस्त्राचे आठ तुकडे. थकवा, झोप, धाप यांवर त्याचा उपयोग होतो का, याचे चीनमध्ये अभ्यास झालेत, बरेचसे लहान. गाठच विरघळते असं कुणी सांगू लागलं तर उठून यावं. बाईंना फोन केला. त्यांनी दोनच अटी घातल्या: वजन नाही, हिसका नाही. त्यामुळे टाचा उचलून धपकन टेकवायची आठवी हालचाल बाद. सगळे आजार पळवण्याची कीर्ती नेमकी तिचीच!

पहिलीचं नाव दोन्ही हातांनी आभाळ तोलणं. ‘आभाळ कायले तोलू बे?’ मामांनी विचारलं. दोन दिवस हात लाकडासारखे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘गाडीवर कडब्याचा भारा देतो ना, तसं होय हे.’ आणि हात वर गेले. जन्मभर भारे चढवलेलं अंग; ओझं बंद झालं तरी वाट विसरलं नव्हतं. दुसरी हालचाल धनुष्य ताणण्याची. तिनं छाती उघडते, पण उजवं कोपर अजून अर्ध्यातच राहतं. पाऊस असला की ओसरीत खुर्चीवर बसून करतात.

श्वास मात्र अवघड गेला. लिउ-झी-जुए या दुसऱ्या चिनी पद्धतीत सहा ध्वनी आहेत, फुप्फुसासाठी दातांतून सोडायचा ‘स्स’. मामांना हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला, मामीनं धावत उशी आणून छातीशी धरायला दिली. खोकताना टाक्यांना तेवढाच आधार. मग त्यांनीच ओठांचा चंबू केला. बैल पाण्यावर नेला की शीळ घालतात ना, ती. फक्त आवाज नाही. बाई फोनवर खूश झाल्या. ओठ आवळून श्वास सोडला की आत थोडा दाब राहतो, बारीक नळ्या लवकर मिटत नाहीत. दवाखान्यात शिकवलेलं तेच होतं. तिथं बैल नव्हता.

मी आकडे मोजतो. दोन आकड्यांत आत, चार आकड्यांत बाहेर. मामी त्यांचं होईस्तोवर चूल पेटवत नाही, त्यामुळे माझा चहा लांबतो.

आज श्वास सोडताना ते सात आकड्यांवर गेले. आठव्याला ओठांतून खरीच शीळ निघाली, आणि गोठ्यातल्या बैलानं मान वर केली.