जर्मनीला शिकायला जाताय? आधी विमा, मग डॉक्टर

सेलूत ताप आला, तर सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून रांगेत उभं राहायचं. जर्मनीत मात्र आधी आरोग्य विमा लागतो. त्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवता येत नाही.

विमा कोणता घ्यायचा?
३० वर्षांखालील विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमा सवलतीत मिळतो. खासगी पॉलिसी स्वस्त दिसते; पण तिच्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही. त्यामुळे घाई नको.

आजारी पडलात तर?
वेळ घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जा, विमा कार्ड दाखवा. सार्वजनिक विमा असेल तर तपासणीची फी नाही. चिठ्ठीवरच्या औषधांना सहसा ५ ते १० युरो पडतात.

दवाखाना बंद असेल तर?
११६११७ वर फोन करा. जीवावर बेतलं तर थेट ११२. निघण्याआधीच दोन्ही नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा.