मातीचा किल्ला टिकतो कसा?

मुलांनो, दिवाळीत आपण मातीचा किल्ला केला. त्यावर अळीव पेरताना एकाने विचारले, "गुरुजी, ह्यो किती दिवस टिकंल?" मी म्हणालो, "आठ दिवस." पण साडेनऊशे वर्षे टिकलेले मातीचे किल्ले इंग्लंडात आहेत, हे सांगायचे राहूनच गेले.

सन १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडवर चालून गेला. मुलूख परका, हाताशी माणसे थोडी. दगडी तट बांधायला सवड कुठली? मग गोल खंदक खणायचा, निघालेली माती मध्ये टाकून चोपायची, थरावर थर चढवायचे, की झाले टेकाड! त्यावर लाकडी बुरूज. पायथ्याशी लाकडी कुंपणाचे आवार, त्यात घोडे नि कोठ्या. टेकाडाला म्हणतात मॉट, आवाराला बेली. फ्रान्समधल्या बायो गावच्या सुमारे ७० मीटर लांब भरतकामाच्या पट्टीवर हे काम चाललेले दाखवले आहे. त्यात दोन गडी काम सोडून फावड्यांनी भांडताहेत! (आपल्या किल्ल्याच्या वेळी कोण भांडले ते मी लिहीत नाही.)

पुढे लाकूड कुजले, माती राहिली. कारण गवत. त्याची मुळे माती धरून ठेवतात. पण रोज एकाच वाटेने माणसे चढली की गवत मरते, त्या वाटेने पावसाचे पाणी धावते नि घळ पडते. ससे बिळे करतात. मोठे झाड वाऱ्याने उन्मळले तर मुळांबरोबर मातीचा लचकाच निघतो. सगळ्यात वाईट म्हणजे कुदळ. उकरलेली माती परत टाकता येईल हो, पण जुने थर परत कसे लावणार? बुरुजाचे खांब कुठे रोवले होते, हे त्या थरांवरूनच कळते. म्हणून तिकडे अशा संरक्षित जागी परवानगीवाचून खणणे गुन्हा आहे.

लंडनजवळच्या बर्कहॅमस्टेडला असेच सुमारे ४० फुटी टेकाड आहे. तेथून आगगाडी न्यायची ठरली, तेव्हा १८३३ च्या रेल्वेच्या कायद्यातच किल्ल्याला धक्का लावू नये असे घातले गेले. मग रूळ शेजारून भराव घालून नेले. तरी बाहेरच्या दरवाजाचा भाग त्यात गेलाच. मातीच्या किल्ल्यावर मातीचाच भराव! बाकीचा किल्ला मात्र वाचला. स्टेशन अगदी लगत आहे. गाडीच्या खिडकीतून ते हिरवे टेकाड आजही दिसते.