चिंधीचा चेंडू आणि तेमारी

कुर्डुवाडीत बार्शी लाइट रेल्वेच्या कारखान्यातील कामगारांची बिऱ्हाडे ज्या चाळींत होती, तेथील मुलांचा चेंडू बाजारातून येत नसे. जुन्या लुगड्याच्या चिंध्या मुठीत दाबून गोळा करावयाचा, यंत्रे पुसून टाकून दिलेल्या सुताचा गुंता त्यावर आवळावयाचा आणि दाभणाने सुतळीची जाळी ओवून तो बंदिस्त करावयाचा, असा रिवाज होता. आबाधुबीत तो पाठीत बसला की वळापेक्षा तेलाचा डागच अधिक दिवस टिके.

जपानात असल्याच चेंडूची ‘तेमारी’ झाली. ‘ते’ म्हणजे हात, ‘मारी’ म्हणजे चेंडू. जुन्या किमोनोंच्या चिंध्यांवर दोरा गुंडाळून केलेला हा चेंडू मुली गाणी म्हणत जमिनीवर थापटीत. पुढे मेइजी राजवटीत (1868–1912) रबरी चेंडू आला, आणि तेमारी अंगणातून उठून शोभेच्या फडताळात जाऊन बसली. कागावा प्रांतातील सानुकी तेमारीच्या पोटी भाताचे तूस असते. अकितातील युरिहोंजो येथे तिला तीन बाजूंनी गोंडे लावतात.

तिची आखणी मात्र भूगोलाच्या मास्तरांनी पाहावी अशी. कागदाची अरुंद पट्टी गोळ्याभोवती लपेटून नेमकी परिघाइतकी कापली, की तिच्या पहिल्या घडीने दक्षिण ध्रुव सापडतो आणि दुसरीने विषुववृत्त. तेथे टाचण्या रोवून रेखावृत्तांप्रमाणे दोरे ताणावयाचे, आणि त्यांच्या आधाराने शेवंतीच्या पाकळ्या फेऱ्याफेऱ्याने भरीत जावयाचे. गाठ दृष्टीस पडत नाही. दोऱ्याचे टोक सुईने गोळ्याच्या पोटात दडविलेले असते.

आमच्या चेंडूवर अशी शेवंती का उमलली नाही? कसबाची वाण होती म्हणावे, तर त्याच घरातील गोधडीचा धावदोरा उलट साक्ष देतो. माझा समज असा, की आमचा चेंडू मुलग्यांचा जिन्नस, मुलींच्या वाट्यास सागरगोटे. तेमारी मात्र आईने लेकीसाठी करावयाची, आणि कानाझावाकडे तर लग्न होऊन जाणाऱ्या मुलीबरोबर ती देण्याचा प्रघात. आमच्या आयांनी ती माया गोधडीत शिवली, आणि रंगीत दोऱ्याची हौस शेतकऱ्याने बैलाच्या कपाळी फेडली. बेंदूर-पोळ्याच्या सुमारास आठवडी बाजारात टांगलेले लोकरीचे गोंडे पाहावे : तांबडी-हिरवी लोकर चार बोटांभोवती गुंडाळून, मध्ये करकचून आवळून, कडा कातरल्या की गोंडा फुलतो. मिरवणूक संपली, की माथोटीसकट तो उतरवून, झटकून, पुढल्या सालासाठी कोनाड्यात ठेवतात.