धारेचे राखणदार

हिमालयाच्या कुशीतील सिक्कीम राज्यात पाऊस विपुल पडतो. परंतु उतार तीव्र असल्यामुळे त्यातील बरेचसे पाणी खोल दरीतील नद्यांना जाऊन मिळते. गावे मात्र नदीच्या कितीतरी वर, डोंगराच्या अंगावर वसलेली असतात. म्हणून तेथील बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांचे जीवन झऱ्यांवर अवलंबून आहे. झऱ्याला तिकडे ‘धारा’ म्हणतात. हिवाळ्यात पाऊस फारसा पडत नाही. त्या दिवसांत धारा आटली, की पाण्यासाठी दूरवर पायपीट करण्यावाचून गत्यंतर नसते.

आटत चाललेल्या धारा पुन्हा वाहत्या कराव्यात, म्हणून सिक्कीम शासनाने २००८ साली ‘धारा विकास’ हा उपक्रम हाती घेतला. डोंगरावर चर खोदण्याच्या कामाला रोजगार हमी योजनेतून मजुरी मिळाली. परंतु चर खोदले म्हणजे काम संपले असे नाही. धारेची राखण वर्षानुवर्षे करावी लागते, आणि त्यासाठी गावोगावी स्वयंसेवकच हवेत.

अशा स्वयंसेवकांचा संयोजक म्हणून जो नव्याने रुजू होतो, त्याची पहिली परीक्षा संयमाची असते. उत्साही तरुण कुदळी घेऊन धारेच्या तोंडाशीच खोदू पाहतात. पण ते तोंड म्हणजे पाण्याची केवळ बाहेर पडण्याची वाट होय. पावसाचे पाणी मातीतून व खडकांच्या भेगांतून खाली झिरपते. खाली अभेद्य थर लागला, की त्या थराच्या उताराने ते वाहू लागते आणि वाट मिळेल तेथे प्रकट होते. थर तिरपे असतील, तर डोंगराच्या पलीकडच्या अंगावर पडलेला पाऊसही अलीकडची धारा पोसतो! अशा वेळी अलीकडे कितीही चर खणले, तरी सारे श्रम व्यर्थ जातात.

म्हणून जाणता संयोजक आधी पायी हिंडतो, खडकांचा कल पाहतो आणि वृद्धांना धारेचा पूर्वेतिहास विचारतो. मग तो मापनाचे काम सोपवतो. दहा लिटरांची बादली पन्नास सेकंदांत भरली, तर मिनिटाला बारा लिटर पाणी येते, हे शाळेतील मुलेही मोजू शकतात. ही नोंद दर महिन्यास ठेवली, तरच पुढे केलेल्या कामाचे फळ कळते.

सर्वांत अवघड काम मात्र माणसांचे असते. जेथे पाणी मुरते, ती जमीन बहुधा दुसऱ्याच्या मालकीची असते. कधी ती शेजारच्या गावाचीही असते. तेथे चर खणावे, गवत व झाडे राखावीत, वणवा लागू देऊ नये, यासाठी मालकाचे मन वळवावे लागते. ज्याला त्या धारेचे थेंबभरही पाणी मिळणार नाही, त्याने तिच्यासाठी जागा द्यायची असते.

धारा खाली वाहते. तिची राखण वर करावी लागते. खालच्यांची तहान वरच्यांना आपली वाटली, तरच धारा बारमाही राहते.