हिरव्या रंगाची राखण

श्रावणात पणजीहून मडगावला निघालेल्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, तर बांबोळीची घाटी उतरल्यावर आगशीपर्यंत नजरेला दुसरा रंग क्वचितच भेटतो. बाहेरगावाहून आलेले आप्तेष्ट म्हणतात, ‘‘काय निसर्ग दिला आहे हो तुम्हांला देवाने!’’ आम्ही आतिथ्यधर्म म्हणून मान डोलावतो. वस्तुतः गोव्यातील सखल भागाच्या हिरवाईचा बराचसा वाटा पूर्वजांनी खाडीच्या तोंडातून ओढून काढलेला आहे. खारे पाणी अडवण्यासाठी चिखलाचे बांध घालायचे, बांधात लाकडी दारांची मानस बसवायची; ओहोटीला दार उघडून आतले पाणी बाहेर जावे आणि भरतीला पाण्याच्याच दाबाने ते मिटावे, अशी ही खाजनाची विद्या. सुमारे 18 हजार हेक्टर जमीन या विद्येने मिळवलेली आहे, आणि खारटपणा सोसणारे कोरगूट भात त्या जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेले आहे.

खाजनाच्या वर खेर, त्याच्या वर डोंगरउताराची मोरड, आणि सर्वांच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा. वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस हा सडा पोटात घेतो आणि उन्हाळ्यापर्यंत झरी-विहिरींतून हप्त्याहप्त्याने परत करतो. सडा ओसाड दिसतो, म्हणून तो बांधकामास मोकळा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या विहिरीचे पाणी कोठून येते याचा एकदा शोध घ्यावा. डोंगर कापला की पुढच्याच पावसाळ्यात तांबडा गाळ मोरडीत उतरतो, तेथून ओहोळात आणि शेवटी मानशीच्या दाराशी. खाली राहणाऱ्याला वरची इमारत दिसतही नसते. त्याला दिसतो तो गाळ.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांना हे सांगण्याचे कारण असे की गोव्यात गेली वीस वर्षे जमिनीविषयी जो लढा चालला आहे, तो वरवर पाहता नकाशावरील रंगांचा आहे. 1974 च्या नगरनियोजन कायद्यान्वये साऱ्या गोव्याचा एक प्रादेशिक आराखडा असतो. कोणती जमीन शेतीची, कोणती वनाची, कोणती वस्तीची, हे तो ठरवतो. ज्याला येथे सारे ‘सेटलमेंट’ म्हणतात त्या वस्तीच्या विभागात तुमचा सर्व्हे क्रमांक गेला, की भाताच्या मापाने मोजली जाणारी जमीन चौरस मीटरच्या भावाने बोलू लागते. तेव्हा नकाशावर रंगाचा कुंचला फिरवणारा हात हा मोठाच हात म्हटला पाहिजे.

1986 च्या आराखड्यानंतर पुढचा आराखडा, ‘प्रादेशिक आराखडा 2011’, हा ऑगस्ट 2006 मध्ये, ऐन चतुर्थीच्या तोंडावर, अधिसूचित झाला. लोक माटोळीच्या तयारीत होते. नकाशे कोणी बारकाईने पाहिले तेव्हा ध्यानात आले की ठिकठिकाणी डोंगरउतार, फळबागा आणि शेते वस्तीच्या रंगात गेली आहेत. त्यातून ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले. डॉ. ऑस्कर रिबेलो हे त्याचे निमंत्रक. वास्तुविशारद, वकील, शिक्षक, धर्मगुरू, शेतकरी असे नाना तऱ्हेचे लोक त्यात होते आणि एरवी भाषेच्या प्रश्नावर एकमेकांकडे पाठ फिरवून बसणारेही एका व्यासपीठावर आले, हे आम्हांस विशेष वाटले. डिसेंबरात पणजीच्या आझाद मैदानावर प्रचंड सभा झाली आणि जानेवारी 2007 च्या अखेरीस मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांनी आराखडा मागे घेतल्याचे जाहीर केले. मंजूर झालेला आराखडा लोकांच्या रेट्याने सरकारने माघारी घ्यावा, ही घटना सामान्य नव्हे.

पुढे दिगंबर कामत यांच्या कारकिर्दीत नवा आराखडा करण्यासाठी कृतिदल नेमले गेले. चार्ल्स कोरिया आणि एदगर रिबेरो यांच्यासारखे नामांकित नियोजनतज्ज्ञ त्यात होते. मसुद्याचे नकाशे प्रत्येक पंचायतीत लोकांपुढे ठेवण्यात आले आणि सूचना मागवण्यात आल्या. आमच्या गावच्या पंचायतघरात नकाशा भिंतीवर चिकटवला तो दिवस आम्हांस चांगला आठवतो. आम्ही तेव्हा साधे शिक्षक होतो. सरकारी नोकर, त्यामुळे मोर्च्यात घोषणा देणे वर्ज्य. पण नकाशा वाचून दाखवण्यास कोणताही सेवानियम आड येत नव्हता. भूगोलाच्या मास्तरांना आणि आम्हांला लोकांनी शाळेतून जवळजवळ ओढूनच नेले.

नकाशापुढे मंडळी अवाक् उभी होती. जन्म ज्या गावात गेला तो गाव कोणालाच ओळखू येत नव्हता. शेजारचे एक वृद्ध शेतकरी पुढे झाले आणि म्हणाले, ‘‘मास्तर, मला अक्षर येत नाही. मानस कुठे ते दाखवा, तिथून मी चालत जातो.’’ आम्ही ओहोळाच्या निळ्या रेघेवर बोट ठेवले. त्यांनी तेथून आपले बोट निघवले. बांध, बांधावरचा वळसा, देवळाची तळी, मग उजवीकडे आणि एका चौकोनावर थांबून विचारले, ‘‘हे माझे शेत. याला कोणता रंग दिला?’’ तासाभरात अर्धा गाव आपापल्या बोटाने चालू लागला. ज्यांच्या घरी एक-चौदाचा उतारा पेटीच्या तळाशी पडून होता, ते तो घेऊन आले. पुढचे तीन रविवार हेच चालले. ज्या चुका सापडल्या त्या ग्रामसभेच्या ठरावात गेल्या. आराखडा रद्द झाला त्याहून हे तीन रविवार आम्हांला मोलाचे वाटतात.

तो ‘आराखडा 2021’ पुढे अधिसूचित झाला. 2012 साली सरकार बदलल्यावर तो स्थगित ठेवण्यात आला. आणि नंतर जे घडले ते समजण्यास कठीण आहे, कारण ते एकदम घडलेच नाही. 2018 मध्ये कायद्यात ‘16 ब’ हे कलम आले. जमीनमालकाने अर्ज करून आपल्यापुरता विभाग बदलून मागावा, अशी त्यात सोय होती. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले. 2023 मध्ये ‘17 (2)’ आले. त्याचा हेतू आराखड्यातील अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याचा, असे सांगण्यात आले. चुकांची संख्या पाहता आराखडा करणारे फारच अनवधानी असले पाहिजेत! गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान इत्यादींच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये त्याखालील नियम रद्दबातल ठरवले आणि कलमाची व्याप्ती आवळली. दरम्यान 2024 मध्ये ‘39 अ’ येऊन बसले होते. त्यात राजपत्रात सूचना देऊन हरकतींसाठी तीस दिवस ठेवले होते. त्यावरही याचिका झाल्या.

2006 मध्ये एकच नकाशा होता. तो भिंतीवर लावता आला, त्याच्यापुढे गाव गोळा करता आला. एकेका सर्व्हे क्रमांकाने होणारा बदल भिंतीवर कसा लावणार? आज या वाड्यावरची मोरड, उद्या पलीकडच्या सड्याचा तुकडा. तुकडा लहान म्हणून कोणी लक्ष देत नाही आणि लक्ष जाते तेव्हा तुकड्यांचा डोंगर झालेला असतो. सांकवाळच्या डोंगरावरील मोठ्या गृहप्रकल्पाविरुद्ध 2024 साली तेथील रहिवासी रस्त्यावर आले, उपोषण झाले, तेव्हा साऱ्या गोव्याचे लक्ष तिकडे वेधले. त्याआधी 2007 च्या सुमारास कार्मोणा गावाने असाच लढा दिला होता. परंतु प्रत्येक गावाने प्रत्येक वेळी उपाशी बसावे ही काही नियोजनाची रीत नव्हे.

घरे नकोत असे कोणीच म्हणत नाही. प्रश्न आहे तो कोणाची घरे, हा. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील दर पाच घरांमागे एकाहून अधिक घर रिकामे आढळले. बंद खिडक्यांच्या इमारती आमच्या तालुक्यातही आहेत. नाताळाला आठ दिवस दिवे लागतात, बाकीचे वर्षभर पहारेकऱ्याचा एक दिवा.

येथे घरची गोष्ट सांगितली पाहिजे, न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘16 ब’खाली जे अर्ज पडले त्यांत एक आमच्या दादाचाही होता. वडिलोपार्जित मोरडीतील त्याचा वाटा त्याने एका दलालाच्या सांगण्यावरून पुढे केला. आम्हांला कळले ते ग्रामसभेच्या आदल्या रात्री. आम्ही त्याच्याकडे गेलो, पाण्याच्या, गाळाच्या गोष्टी बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘‘तुझ्या तत्त्वांना सरकारी पेन्शन आहे. माझ्या पोराने लग्न करून बायकोला ठेवायचे कुठे, तेवढे सांग.’’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी असल्या अर्जांविरुद्धच्या ठरावाला आम्ही हात वर केला. दादा मागच्या बाकावर होता. त्यानंतर तो दोन महिने आमच्याशी बोलला नाही. चतुर्थीला मूळ घरातील गणपती एकच, म्हणून आरतीला उभे राहावे लागले. तिसऱ्या दिवशी त्याने पातोळ्यांचे ताट आमच्यापुढे सरकवले, एवढ्यावर समेट झाला.

दादाचा प्रश्न मात्र खराच होता. गावातील तरुणाला वाजवी किमतीत घर बांधायला जागा हवी, आणि तीही आराखड्यात अगोदर दाखवलेली हवी. हे जो मांडत नाही त्याच्या हिरव्या रंगावर दादासारखे लोक विश्वास ठेवणार नाहीत. पुतण्याने शेवटी मूळ घराच्या मागे दोन खोल्या काढल्या, त्यांसाठी परवान्यांच्या खेपा घालण्यात त्याचे वर्ष गेले. मोठ्या इमारतींना एवढा वेळ लागत असेल असे वाटत नाही.

ते वृद्ध शेतकरी आता हयात नाहीत. त्यांचा नातू आमच्याच शाळेत शिकून गेला. अलीकडे तो आणि त्याचे दोन मित्र राजपत्राचा अंक निघाला की तो भ्रमणध्वनीवर उतरवून घेतात आणि आपल्या तालुक्यातील सर्व्हे क्रमांक एका वहीत टिपून ठेवतात. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर आला, पाय धुऊन बसला आणि वही उघडून म्हणाला, ‘‘सर, क्रमांक आपल्या गावचाच आहे. पण उपविभाग जुळत नाही. हे वडाखालचे शेत की मानशीकडचे?’’ आम्ही चष्मा पुसून उतारा शोधू लागलो. हरकतीच्या मुदतीचे अकरा दिवस उरले होते.