बंदुकीच्या पोटातील काजळी

‘बंदूक साफ करीत असता बार उडाला’ अशी बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते आणि ‘रिकामी समजून’ हे दोन शब्द तीत बहुधा असतातच. आपल्याकडे शेताच्या राखणीसाठी परवान्यावर जी बंदूक घरात असते ती पुष्कळदा एकनळी किंवा दुनळी. कळ फिरवली की ती मधोमध मोडते आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो. उजेड दिसला की बंदूक रिकामी. शंकेला जागाच नाही. आज जिच्याविषयी बोलावयाचे आहे त्या अर्धस्वयंचलित छर्ऱ्याच्या बंदुकीला ही सोय नाही. चाप एकदा ओढला की एकच बार होतो. पण झालेले काडतूस बाहेर फेकून नवे जागेवर आणण्याचे काम बंदूकच करते. पुढची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत रांगेने दडलेली असतात. वरचे काडतूस काढून ‘झाली रिकामी’ म्हणावे, तर खालचे त्याची जागा घ्यावयास तयारच! म्हणून येथे साफसफाईचा आरंभ फडक्याने होत नाही. बंदुकीचे तोंड निर्धोक दिशेला धरून वरचे घर आणि खालची नळी दोन्ही डोळ्यांनी पाहावयाची, बोट घालून चाचपावयाची, आणि काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवावयाचा.

हे यंत्र चालते कशाने? अमेरिकेच्या यूटा प्रांतातील ऑग्डेन गावचा जॉन ब्राउनिंग हा मोठा कल्पक कारागीर. नेमबाजी चालू असता नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूने समोरचे गवत वाकते, हे त्याने 1889 साली पाहिले. गवत वाकविणारी ही शक्ती फुकट का जावी, असा विचार करून त्याने वायूवर चालणारी तोफबंदूक बनविली. गंमत अशी की त्याच माणसाने पुढे छर्ऱ्याची स्वयंभरण बंदूक काढली, तिला मात्र वायू वापरला नाही. धक्क्याने मागे सरकणाऱ्या नळीकडूनच काम करून घेतले. हलक्या आणि भारी काडतुसांचा जोर सारखा नसतो, त्यामुळे वायूचे माप साधणे कठीण होते. वायूवरच्या छर्ऱ्याच्या बंदुका अमेरिकेत बाजारात रुळल्या त्या 1956 नंतर, आणि 1963 सालच्या रेमिंग्टन 1100 ने त्यांना घरोघर नेले. पुढचे वर्णन तिचेच समजावे.

तिच्या नळीला खालच्या अंगाने बारीक छिद्रे आहेत. छर्रे ती ओलांडून पुढे गेले की मागच्या तप्त वायूचा थोडा अंश छिद्रांतून उतरतो आणि काडतुसांच्या नळीवर कड्यासारख्या बसविलेल्या दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्या दांड्यांना लोटतो, दांडे बोल्टला. रिकामे काडतूस खिडकीतून उडते, घोडा चढतो आणि दस्त्यातील स्प्रिंग सारे पुन्हा पुढे आणते. धक्क्याचा जोर यात वाटला जात असल्याने खांद्याला तो मऊ लागतो.

पण दुनळीची सारी घाण नळीतून बाहेर जाते; ही बंदूक तिचा एक घास प्रत्येक बाराला पोटात घेते. आजच्या दारूला आपण बिनधुराची म्हणतो, तरी ती बिनकाजळीची नव्हे. स्कीट या खेळात एका फेरीस 25 बार होतात. चार फेऱ्या खेळून आलेल्या माणसाने पुढचे लाकडी आवरण काढून पाहावे: दट्ट्यावर काळा, कठीण थर बसलेला असतो. तो वाढला की छिद्रे अरुंद होतात, दट्ट्या जड होतो आणि रिकामे काडतूस खिडकीत अर्धे अडकून राहते.

उघडण्याचा क्रम सोपा आहे. बोल्ट मागे अडकवावा, पुढची टोपी फिरवून आवरण व नळी काढावी. मग दट्ट्याच्या पुढचे रबरी कडे अलगद सोडवावे. हे कडे म्हणजे या बंदुकीचा प्राण! त्याला चीर गेली की वायू निसटतो आणि एरव्ही निर्दोष असलेली बंदूक अडखळते. अनुभवी नेमबाज एक जादा कडे खिशात बाळगतो. दट्ट्या व त्याची जोडकडी काढताना कोणते तोंड कोणीकडे होते ते ध्यानात ठेवावे. उलटी बसविलेली कडी हा नेहमीचा घोटाळा. काजळीवर द्रावक लावून थोडा वेळ थांबावे, मग ब्रशाने घासावे. छिद्रे मऊ तारेच्या काडीने मोकळी करावीत. तेथे गिरमिट चालविणाऱ्या हौशी माणसाच्या हाती बंदूक देऊ नये, कारण छिद्र रुंदावले की वायूचे माप कायमचे बिघडते. नळीत गज मागच्या बाजूने घालावा. काडतुसाचे घर विशेष निगुतीने पुसावे, तेथे गंज धरला की काडतूस चिकटते. शेवटी नळीतून उजेडाकडे पाहावे. चिंधीचा एखादा तुकडा आत राहिला तर पुढच्या बाराला नळी फुटू शकते.

आता तेलाविषयी. आपल्या लोकांना तेलाचा हात सढळ ठेवण्याची सवय. शिवणयंत्राला पाजावे तसे बंदुकीला पाजतात. येथे ते घातक आहे. जादा तेलात काजळी कालवली की तिचे वंगण होत नाही, खळ होते, आणि थंडीत ती आणखी घट्ट होते. तेल लावून कोरड्या फडक्याने पुसल्यावर जेवढे राहील तेवढेच पुरे. समुद्रकाठी पाणपक्ष्यांच्या शिकारीहून आलेल्यांनी मात्र त्याच रात्री बंदूक उघडावी. खारी हवा सकाळपर्यंत वाट पाहत नाही. दस्त्यातील स्प्रिंग कोणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून ती बहुधा गंजूनच सापडते. वर्षाकाठी एकदा ती जाणत्या कारागिराकडून काढवून घ्यावी.

सर्व जोडून, टोपी घट्ट केली आहे ना हे पाहून, रिकाम्या बंदुकीचा बोल्ट पाचसहा वेळा हाताने मागेपुढे करावा. तो कोठे अडत असेल तर पुन्हा उघडावी. मग कुलुपाच्या कपाटात, पहिली रात्र तरी, ती तोंड खाली करून उभी ठेवावी, म्हणजे उरलेले तेल दस्त्याच्या लाकडात न झिरपता खालच्या फडक्यावर उतरेल.