युंकर्सच्या पंखांवरील निळे स्वस्तिक

युंकर्स के ४३ हे जर्मन बनावटीचे लष्करी विमान १९३१ साली फिनलंडच्या हवाई दलात दाखल झाले. त्याच्या पंखांवर स्वस्तिक असल्यामुळे जुनी छायाचित्रे पाहणारा ते नाझी जर्मनीचे समजतो. परंतु हिटलर सत्तेवर आला तो १९३३ साली, आणि त्यापूर्वी व्हर्सायच्या तहाने, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या कराराने, त्या देशाला हवाई दल बाळगण्याचीच मनाई केली होती, म्हणून युंकर्स कंपनी आपल्या विमानांना लष्करी रूप देण्याचे काम स्वीडनमधील लिमहामन येथे करून घेत असे.

फिनलंडने हे चिन्ह जर्मनांकडून उचलले, हा समजही कालक्रमाला धरून नाही. ६ मार्च १९१८ रोजी एरिक फॉन रोझेन या स्वीडिश सरदाराने फिनलंडच्या यादवी युद्धातील सरकारपक्षाच्या सैन्याला एक विमान भेट दिले, त्यावर त्याचे वैयक्तिक शुभचिन्ह असलेले निळे स्वस्तिक रंगवलेले होते, आणि तेच पुढे हवाई दलाची खूण ठरले; नाझी पक्षाने स्वस्तिक स्वीकारले ते १९२० साली. रोझेन नंतर स्वीडनमधील नाझी चळवळीत शिरला, हे मात्र झाकण्यात अर्थ नाही. दात्याची खूण विमानदळाला चिकटण्याचा प्रकार गुजरातमधील सुरतजवळच्या पलसाणा तालुक्याच्या इतिहासालाही परका नाही, कारण हा तालुका ज्या बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता, त्या संस्थानाच्या देणगीमुळे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव मिळाले होते.

‘नाझींचे स्वस्तिक उलटे, आपले सुलटे’ हा सर्वांत चिवट गैरसमज होय. पलसाणा-सुरत परिसरातील गुजराती उंबरठ्यावरचा ‘साथियो’, खानदेशातून येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या दारावरचे स्वस्तिक, फिनलंडचे चिन्ह आणि नाझींचे चिन्ह, या सर्वांच्या भुजा सामान्यतः उजवीकडेच वळतात. भेद आहे तो रंगाचा, ठेवणीचा आणि अर्थातच इतिहासाचा. फिनलंडचे स्वस्तिक पांढऱ्या वर्तुळात निळे आणि सरळ उभे असे, तर जर्मन विमानांच्या शेपटीवरचे काळे आणि पंचेचाळीस अंशांत कललेले.

१९४५ साली फिनलंडच्या विमानांवर निळी-पांढरी वर्तुळे आली, तरी हवाई दलाच्या मुख्यालयाच्या बोधचिन्हात स्वस्तिक कित्येक दशके टिकले; ते काढले गेले २०१७ च्या सुमारास, आणि इतक्या गुपचूप की बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता २०२० मध्ये लागला.